पॅरिसच्या शेजारी मानेसर

मी मानेसरला जाऊन आले असं सांगितलं की सांगलीत लोक "मानसरोवर का? वा!" म्हणतात आणि हात जोडतात. पहिल्या दोनचार जणांना मी खुलासा केला. नंतर कंटाळा आला. आता मीही डोळे मिटून "हो, फार थंडी होती" एवढंच म्हणते. थंडी होतीच. फेब्रुवारी होता.

मानेसर हे दिल्लीच्या पलीकडे, गुडगावच्याही पलीकडे, हरियाणातलं कारखान्यांचं गाव. मोटारी आणि मोटारींचे सुटे भाग. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं मला तिथल्याच लोकांनी इतक्या वेळा आणि इतक्या प्रेमाने सांगितलं, की परत आल्यावर हे लिहायला बसणं मला भाग पडलं.

मी एचिंग करते. मराठीत याला अम्लरेखन असा शब्द आहे, पण तो उच्चारला की लोक त्यावर जेवणानंतर घ्यायची गोळी सुचवतात. धातूच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने तो खरवडून चित्र काढायचं, पत्रा ॲसिडात सोडायचा. उघड्या पडलेल्या रेघा ॲसिड खातं. त्या खाचांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. माझं ते रुळांचं यंत्र आमच्या गॅरेजमध्ये आहे, त्यामुळे गाडी रस्त्यावर असते. नवरा त्याला पापडाचं मशीन म्हणतो. "निदान पापड तरी विकले जातात," हे वाक्य तो प्रत्येक पाहुण्यापुढे म्हणतो, आणि पाहुणे दर वेळी हसतात. चार वर्षांत माझं एकही चित्र कुणी मागितलं नव्हतं. जानेवारीत तो मोजपट्टी घेऊन गॅरेजमध्ये उभा दिसला, तेव्हा मला कळून चुकलं, की आता यंत्र तरी जाणार किंवा मी तरी.

अशा वेळी गाझियाबादहून अरविंद भाऊजींचा फोन आला. ते माझ्या मावसबहिणीचे, सुलूताईचे यजमान. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या जुन्या ओळखीचे एक भसीनसाहेब, त्यांचा मानेसरला मोटारींच्या आरशांचा कारखाना. त्यांना आपल्या गेस्ट हाउसच्या भिंतीवर मानेसरचं एचिंग हवं होतं.

"कशाचं?" मी विचारलं.

"मानेसरचं. लंडन, पॅरिस वगैरे आहेत त्यांच्याकडे. मॅचिंग पाहिजे."

मी नवऱ्याला मोजपट्टी गुंडाळायला सांगितली आणि बॅग भरली.

गाझियाबाद

भाऊजी तीस वर्षं गाझियाबादला राहतात आणि तीस वर्षं "आम्ही दिल्लीत असतो" असं सांगतात. मी प्लॅटफॉर्मवरच "काय म्हणतंय गाझियाबाद?" असं विचारलं, तर त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं.

घरात मात्र बदल नाही. सुलूताईने पोहे केले होते. त्यात मटार होते, ते फेब्रुवारीत तिकडे कशातही असतात. "मटार काढून टाकू का गं?" असं तिने विचारलं, जणू मी त्यांना ओळखत नव्हते. तिची मुलगी मैथिली गुडगावला नोकरी करते. तिला मी माझ्या कामाबद्दल सांगत होते, की सुईने ओरखडा काढायचा, तर तिने मधेच थांबवलं.

"मावशी, ओरखडा म्हणजे?"

"अगं, मांजर काढतं तो."

"अच्छा, खरोंच! पण मावशी, मानेसरची खरोंच काढून तू करणार काय? तिथे कुछ भी नहीं है यार. मी रोज जाते ना त्या बाजूला. बिल्कुल काही नाही."

"शहरात काही नसतंच गं," मी म्हणाले. "चित्रात घालावं लागतं."

हे मी बोलून गेले खरी, पण काय घालायचं ते मला ठाऊक नव्हतं.

हुमायूनच्या दारात

भसीनसाहेब दोन दिवस बाहेरगावी होते, म्हणून भाऊजींनी मला दिल्ली दाखवायचं ठरवलं. मी दिल्ली आधी पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली होती, पण कागदावर. आमच्या कलाशाळेत एक मोठा जाडजूड संग्रह होता, गोऱ्या चित्रकारांनी केलेल्या दिल्लीच्या एचिंगांचा. त्या दिल्लीत सगळ्या इमारती पडक्या, प्रत्येक घुमटावर एक झाड उगवलेलं, डावीकडे एक उंट, आणि पुढे एक पगडीवाला माणूस दगडावर काहीही न करता बसलेला. मागे आभाळाला भिडलेले मनोरे. पाच वर्षं मी त्या रेघा गिरवल्या. त्यामुळे माझ्या डोक्यातली दिल्ली शांत होती, रिकामी होती आणि तिला कुणी झाडू मारत नव्हतं.

हुमायूनच्या मकबऱ्यात गेले तर सगळं स्वच्छ! हिरवळ कापलेली, कारंजी चालू, प्रत्येक झुडपामागे एक जोडपं. शाळेची सहल आलेली, बाई "लाइन में! लाइन में!" ओरडत होत्या. इमारत सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला वाटलं होतं त्याच्या निम्मी. मी खूप वेळ तिच्याकडे रागाने बघत उभी राहिले. मग लक्षात आलं, की लबाडी इमारतीची नव्हे, आमच्या धंद्याची. माणसं झुरळाएवढी काढली की घुमट आपोआप डोंगराएवढा होतो. ही युक्ती मी स्वतः सांगलीच्या गणपती मंदिरावर वापरलेली आहे आणि त्याबद्दल बक्षीसही घेतलेलं आहे.

"काय शोधते आहेस एवढं?" सुलूताईने विचारलं.

"उंट," मी म्हणाले. "आणि एक रिकामटेकडा माणूस."

उंट नव्हता. पण वळून बघितलं तर चौथऱ्यावर, अगदी चित्रात असतो त्या जागी, भाऊजी माकडटोपी घालून दगडावर बसले होते. काहीही करत नव्हते. मी त्यांचं एक छान स्केच केलं. त्यांना ते आवडलं नाही.

तिथून त्यांनी आम्हाला कोपर्निकस मार्गावर नेलं, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात जेवायला. भाऊजींच्या मते दिल्लीतलं सगळ्यात प्रेक्षणीय स्थळ तेच आहे. तिथे वाढप्याने "आमटी अजून देऊ का?" असं मराठीत विचारलं, तेव्हा भाऊजींचा चेहरा असा काही उजळला, की मी वाढप्याला दोनदा आमटी वाढायला लावली.

व्हेनिस रूम

मानेसरला भसीनसाहेबांच्या गेस्ट हाउसमध्ये खोल्यांना नंबर नाहीत, शहरं आहेत. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, व्हेनिस. प्रत्येक खोलीत त्या त्या शहराच्या एचिंगची नक्कल. माझी सोय व्हिएन्नात केली होती, पण तिथला गीझर बंद होता म्हणून व्हेनिसमध्ये टाकलं. व्हेनिसच्या न्हाणीघरात पाणी तुंबत होतं, ते मी शहराच्या कीर्तीला धरून आहे असं समजून चालले.

मूळ चित्रं बाहेरच्या दालनात लावलेली होती, ओळीने, आणि पॅरिसच्या शेजारी एक खिळा रिकामा. भसीनसाहेब साठीच्या पुढचे, उंच, आवाज मोठा. त्यांनी मला चित्रांपुढून एखाद्या घरच्या वडीलधाऱ्याने पूर्वजांची ओळख करून द्यावी तसं नेलं.

"देखिए मैडम. लंडन में घोड़ागाड़ी. पेरिस में घोड़ागाड़ी. विएना में दो. अब मानेसर में भी एक चाहिए."

"मानेसर में घोडागाडी है क्या?" माझी हिंदी सांगलीची आहे, तिला मी दिल्लीतही सुधारू दिलं नाही.

"विएना में भी अब कहां है? चित्र में है ना, बस. और थोड़ा पुराना दिखाइए. सौ-दो सौ साल पुराना."

"और व्हेनिस में तो नाव है."

"तो नाव भी चलेगी," ते मोठ्या मनाने म्हणाले.

मला हसू आवरेना. ते मात्र हसत नव्हते. चहा आला तेव्हा ते त्या रिकाम्या खिळ्याखालच्या खुर्चीवर बसले आणि आवाज खाली आणून बोलायला लागले. पॅरिसला ते एकदा गेले होते. चित्रातला पूल शोधत दिवसभर फिरले. पूल सापडला तेव्हा त्याला डागडुजीसाठी परांची बांधलेली होती. मग ते हॉटेलवर परत आले आणि सोबत घेतलेलं चित्रच बघत बसले. "सच बताऊं? चित्र वाला ज्यादा अच्छा था."

मग म्हणाले, की त्यांच्याकडे जपानी पाहुणे येतात, जर्मन येतात. प्रत्येक जण जेवताना विचारतो, इथे बघण्यासारखं काय आहे? आणि ते इतकी वर्षं प्रत्येकाला गाडी देऊन आग्र्याला पाठवतात. "घर यहां से बना. बच्चे यहां की कमाई से पढ़े. और कोई पूछे तो उंगली रखने को एक चीज नहीं है मेरे पास."

मी चहाचा कप खाली ठेवला. मोजपट्टी घेतलेला नवरा माझ्या डोळ्यांपुढे होताच. आता त्याच्या शेजारी हे गृहस्थ येऊन बसले.

गेटसमोर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घडीचं स्टूल, वही आणि पेन्सिली घेऊन निघाले. मानेसरचे मोठे रस्ते सरळ, रुंद आणि दोन्ही बाजूंना भिंती. भिंतीमागे कारखाने. भिंत, गेट, भिंत, गेट. भिंतींना तारा, तारांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. एचिंगवाल्याला लागतो तसा एकही मनोरा नाही, एकही कमान नाही, वाहतं पाणी म्हणावं तर एका गटाराचं होतं. मला त्या गोऱ्या चित्रकारांचा हेवा वाटला. त्यांना निदान पडझड तरी मिळाली.

शेवटी मी एका गेटसमोर स्टूल मांडलं. पाळी सुटत होती. कंपनीच्या बसगाड्या आत-बाहेर करत होत्या, निळ्या शर्टांची पोरं-पोरी शेअर ऑटोत कोंबली जात होती, एका ऑटोतून तर बाहेर लोंबणारे पायच मोजावे लागत होते. मी भराभर रेघा ओढायला लागले. गेट, गेटवरचा दिवा, तीन सुरक्षारक्षक. थोड्या वेळाने वर बघितलं तर गेटवर दोनच रक्षक. तिसरा माझ्या मागे उभा होता.

"नक्शा बना रहे हो, मैडम?"

"चित्र."

"किसलिए?"

"दीवार पे लगाने के लिए."

हे कारण त्याला इतकं संशयास्पद वाटलं, की तो मला थेट केबिनमध्ये घेऊन गेला. तिथे एक साहेब बसले होते, मिशा कोरलेल्या. मी पत्रकार आहे का, युनियनची आहे का, समोरच्या कंपनीने पाठवलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी सांगलीची आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. मग वही उघडून पहिलं पान बघितलं. त्यावर भाऊजी होते.

"ये कौन है?"

"मेरे जीजाजी. हुमायून के यहां बैठे हैं."

ते बराच वेळ भाऊजींकडे बघत राहिले. मग आजचं पान. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. वही गेली तर गेली, पण पोलिसांत दिलं तर भाऊजींना गाझियाबादहून यावं लागलं असतं, आणि येताना त्यांना कबूल करावं लागलं असतं की ते गाझियाबादहून आलेत.

"ये तो आपने कैमरा भी बना दिया," साहेब म्हणाले. गेटच्या खांबावरचा तो टिचभर कॅमेरा मी खरोखरच काढला होता. त्यांनी माझंच खोडरबर मागून घेतलं, तो कॅमेरा अगदी काळजीपूर्वक खोडला, वर फुंकर मारली. मग वही माझ्याकडे द्यायच्या आधी जरा घुटमळले.

"और ये बीच वाला, ये मैं हूं?"

"हो सकता है."

"मैं इतना मोटा हूं?"

मी पेन्सिल काढून त्यांचं पोट कमी केलं. मिशीला दोन रेघा जास्त दिल्या. त्यांनी मला चहा पाजला आणि पुन्हा मोठ्या रस्त्यावर कुठेही बसू नका, असं बजावून सोडलं.

छपरावर

मोठ्या रस्त्यावर बसायचं नाही म्हणून मी मागच्या गल्लीत शिरले, आणि अचानक गाव सुरू झालं. कारखान्यांच्या आधीपासूनचं मूळ मानेसर. गल्ल्या अरुंद, दारात म्हशी, आणि प्रत्येक घरावर मजल्यावर मजले चढवलेले, कामगारांना भाड्याने द्यायला. एका दारात खाटेवर एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. धिप्पाड, साठीच्या, डोक्यावर ओढणी. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना "राम राम, ताई" म्हणत होता.

ताई! मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मीही "ताई, राम राम" म्हणाले. तिकडे ताई म्हणजे थोरली काकू, हे मला नंतर कळलं. माझ्याहून फार तर पाचसहा वर्षांनी मोठ्या बाईला मी दिवसभर काकू म्हणत होते. त्यांचं नाव संतरो.

"के बणावै सै, बेबे?" त्यांनी विचारलं. काय करते आहेस, ताई? म्हणजे माझ्या अर्थाची ताई.

मी वही दाखवली. त्यांनी गेटचं चित्र बघितलं आणि मटाराची एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. "दरवाजा सै. दरवाजे नै कौण देखै?" दाराकडे कोण बघतं? मग हात झटकून उठल्या आणि समोरच्या किराणावाल्याच्या घरात बिनदिक्कत शिरून मला त्याच्या गच्चीवर घेऊन गेल्या. किराणावाल्याने पोती सरकवून वाट करून दिली. त्यांच्यापुढे कुणी बोलत असेल असं वाटलं नाही.

वर गेले आणि मी वही उघडायलाही विसरले. खाली सपाट रस्त्यावरून जे भिंतीमागे दडलं होतं, ते सगळं इथून उघडं पडलं होतं. मागे अरवलीची खरबरीत, बुटकी रांग. तिच्या पायथ्याशी कारखान्यांची पत्र्याची छपरं, उन्हात चकाकणारी. आणि अलीकडे गावाच्या गच्च्या, एकावर एक, टाक्या आणि दोऱ्या. दोऱ्यांवर कामगारांचे वाळत घातलेले गणवेश. निळे, करडे, खाकी. वारा आला की सगळे मिळून हात हलवायचे. एका गच्चीवर कुणी केस वाळवत होती, एका गच्चीवर दोन पोरं स्टोव्हवर काहीतरी परतत भांडत होती. समोर अगदी मधोमध, एकमेकांना चिकटून दोन घरं. डावीकडचं बसकं, त्याच्या वरच्या खिडकीला सुंदर कमान. उजवीकडचं उंच, चार मजली. दोन्ही गच्च्यांच्या मधे विटांची भिंत.

"डावं माझं," संतरो ताईंनी सांगितलं. "उजवं जेठाचं." जेठ म्हणजे थोरले दीर. जमिनी कारखान्यात गेल्या तेव्हा वाटणीवरून भांडण झालं, नवरा त्याच वर्षी वारला, आणि बारा वर्षं त्या भिंतीपलीकडून कुणी इकडे आलं नव्हतं. त्यात तिकडची रीत अशी, की जेठासमोर भावजयीने तोंड झाकायचं आणि बोलायचं नाही. आमच्याकडे थोरल्या दिरांशी मी पुरणात गूळ किती यावरून भांडते, हे मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे परदेशातून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

मी चित्र काढायला बसले आणि थेट दुपारपर्यंत उठले नाही. मधे त्यांनी बाजरीची रोटी पाठवली, वर लोण्याचा गोळा आणि मटाराची भाजी. भाकरी आपल्यापेक्षा जाड, आणि आपली पातळ असते हे मी अभिमानाने सांगितलं. "गरीबां की होगी," त्या सहानुभूतीने म्हणाल्या आणि आणखी लोणी घातलं.

एवढ्यात उजव्या गच्चीवर जेठ आले. पांढरं धोतर, हातात वर्तमानपत्र. संतरो ताईंनी फटकन ओढणी तोंडावर घेतली. ते खाटेवर बसले, आमच्याकडे न बघता वर्तमानपत्र उघडलं, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वर्तमानपत्राला म्हणाले, "जिसका मकान ऊंचा सै, तस्वीर में भी ऊंचा ही आवैगा."

ओढणीआडून संतरो ताई माझ्या कानाशी आल्या. "बेबे, मेरा ऊंचा कर दे. कागद पै के जावै सै?"

कागदाचं काय जातं, खरंच. माझ्या धंद्यातल्या लोकांनी आजवर राजे-महाराजांचे मनोरे ताणले. संतरो ताईंच्या घराने काय पाप केलं होतं? मी डावं घर चांगलं दोन बोटं उंच केलं, कमानीची खिडकी वर नेली, आणि जेठांचं त्याच्या खांद्याला येईल असं ठेवलं. घोडागाडीच्या जागी गल्लीत एक शेअर ऑटो घातला, पायांसकट. त्यांनी चित्र बघितलं, आणि ओढणीच्या आत काहीतरी हललं. हसू असावं.

सांगली

परत आल्यावर गॅरेजचं दार लावून घेतलं आणि कामाला लागले. इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पत्र्यावर तुम्ही जे काढता, ते कागदावर उलटं उमटतं. आरशात दिसतं तसं. डावं उजवीकडे जातं. म्हणून कसबी माणूस पत्र्यावर आधीच उलटं चित्र काढतो. मी विचार केला, मानेसर आहे, कोण तपासणार? युरोपातल्या कितीतरी शहरांची चित्रं अशी उलटीच विकली गेली आणि लोकांनी ती कौतुकाने टांगली. मनगटही दुखत होतं. मी वहीतलं चित्र सरळ तसंच पत्र्यावर घेतलं.

छाप सुरेख निघाला. नवऱ्याने तो बराच वेळ हातात धरून बघितला. मग ऑटोतले पाय मोजले. मोजपट्टीबद्दल त्या दिवशी कुणी बोललं नाही.

चित्र पाठवल्यावर आठवडाभर भसीनसाहेबांकडून काहीच नाही. मला वाटलं, घोडागाडी भोवली. मग एका दुपारी फोन. मागे प्रचंड आरडाओरडा.

"मैडम, मैं यहां गली में खड़ा हूं. झगड़ा हो गया है."

झालं होतं असं. चित्र लावलं, आणि दोन दिवसांत एका जपानी पाहुण्याने विचारलं, ही जागा कुठे आहे? भसीनसाहेबांना सांगता येईना. इतकी वर्षं कारखाना तिथे, पण ते गावात कधी शिरलेच नव्हते. म्हणून ते फ्रेम काढून, काखेत घेऊन, स्वतः शोधायला निघाले. चित्राप्रमाणे डावीकडे वळले आणि एका गोठ्यात पोचले. तिथून लोकांनी त्यांना त्या दोन घरांसमोर आणून सोडलं.

जेठ दारातच होते. त्यांनी चित्र बघितलं आणि खूश झाले. उजवीकडचं घर उंच! अगदी खरं आहे तसं. बाहेरगावच्या बाईनेसुद्धा खरं ते काढलं, हे दाखवायला ते फ्रेम हिसकावून घेऊन गच्चीवर गेले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ती भिंत ओलांडून भावजयीच्या गच्चीत उतरले. संतरो ताईंनी चित्र बघितलं. उंच घराला कमानीची खिडकी होती. "खिडकी मेरी सै! तो घर मेरा सै!"

"बाजू तो मेरी सै!"

आणि त्या भरात संतरो ताईंची ओढणी खांद्यावर आली ती आलीच. तोंड उघडं, आवाज सातव्या मजल्यावर, जेठाच्या पुढ्यात उभ्या राहून त्या खिडकीवर बोट आपटत होत्या. सगळी गल्ली गच्च्यांवर जमली. भसीनसाहेबांना दोघांनी पंच नेमलं.

"आप बताइए मैडम, घर किसका है?" ते फोनवर गयावया करत होते.

मी उलट्या-सुलट्याचा खुलासा करायला सुरुवात केली. दोन वाक्यांत माझ्या लक्षात आलं, की माझा खुलासा तिथे कुणालाच नको आहे. भसीनसाहेबांना शेवटी दोन्ही घरी जेवावं लागलं. चित्र त्यांना त्याच दिवशी परत मिळालं, ते आता पॅरिसच्या शेजारी लटकतंय. दर पाहुण्याला ते आधी चित्र दाखवतात, मग गल्ली. जपान्याने विचारलं, यातलं खरं कोणतं? तर म्हणे भसीनसाहेबांनी त्याला सांगितलं, तुम्हीच जाऊन विचारा, मी पुन्हा त्यात पडणार नाही.

मध्यंतरी मी संतरो ताईंना फोन केला. चूक माझीच होती, दुसरा पत्रा करून सरळ छाप पाठवते म्हणाले.

"ना बेबे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "रहण दे. न्यू ए ठीक सै." राहू दे, असंच बरं आहे.

"पण आता जेठ बोलतात का तुमच्याशी?"

"बोलै कोन्या," संतरो ताई म्हणाल्या. बोलत नाहीत. "लड़ै सै. रोज आवै सै लड़ण."

त्यांच्यामागून एक जाडा पुरुषी आवाज आला, "चीनी कम गेरिये!" साखर कमी घाल.

"सुण लिया!" त्या तिकडे ओरडल्या, आणि मला म्हणाल्या, "फोन रख इब, चा उबळ री सै."